हातात काठी, तोंडात कारण

टेकडीवर फिरायला येणाऱ्या माणसांचे दोन प्रकार असतात. पहिले, घरून काठी घेऊन येणारे. दुसरे, रिकाम्या हाताने येऊन जाताना काठी घेऊन जाणारे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी थोडा वेळ एका जागी उभं राहिलं, तर दोन्ही जातीचे नमुने भरपूर बघायला मिळतात. ‘काठी कशाला हो?’ असं विचारलं, की उत्तर एकच. ‘कुत्री फार झालीत.’ वास्तविक या कुत्र्यांचं बारसं याच मंडळींनी केलेलं असतं, त्यांच्यासाठी रोज खिशातून बिस्किटं आणलेली असतात आणि ‘फार झालेली’ कुत्री यांच्या पायाशी पोट वर करून लोळत असतात.

काठीचं खरं काम वळणावर कळतं. मागेपुढे कोणी नाही अशी खात्री झाली, की काठी हळूच आडवी होते. आधी एखादं वाळकं गवत. सपकन. मग घाणेरीचं झुडूप. माणूस पासष्टीचा, गुडघ्याला पट्टा, वरच्या खिशात रक्तदाबाची गोळी. पण त्या घटकेला तो पावनखिंडीत उभा असतो आणि घाणेरी म्हणजे सिद्दी मसूदचं सैन्य असतं. दोन वार डावीकडे, एक उजवीकडे, तोंडाने बारीकसा ‘हुश्श्’ असा आवाजही येतो. इतक्यात मागून चपलांचा आवाज आला, की खिंड पडते. काठी सरळ होते, चेहरा पेन्शनरचा होतो आणि हे गृहस्थ आपण होऊन खुलासा करतात, ‘रान फार माजलंय. महापालिकेचं लक्षच नाही.’

माझं निरीक्षण एवढंच आहे, की मोठ्या माणसाला खेळायचं असतं. त्याला खेळता येतंही. अडतं ते कारणापाशी.

लहान पोराला विचारा, ‘काय रे, काय चाललंय?’ ते म्हणतं, ‘खेळतोय.’ विषय संपला. चिखलात बसून दगडाला पानं खाऊ घालत असलं तरी ‘खेळतोय’ या उत्तरावर त्याला कोणी उलटतपासणीला घेत नाही. तेच काम पन्नाशीच्या माणसाने केलं तर त्याला निदान चार कारणं तरी द्यावी लागतात. व्यायाम होतो. ताण उतरतो. डॉक्टरांनी सांगितलंय. कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय माणसाने ड जीवनसत्त्वाच्या नावावर जेवढा वेळ घराबाहेर काढला आहे, तेवढा देवाच्या नावावरही काढला नसेल.

काठीबद्दल आणखी थोडं बोलायला हवं, कारण तिची कुचंबणा मोठी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचं शहर आहे. तिथे खेळण्यांचं एक संग्रहालय आहे आणि ते दरवर्षी काही खेळण्यांना मानाच्या यादीत जागा देतं. त्या यादीत 2005 साली पुठ्ठ्याचं खोकं गेलं. 2008 साली काठी गेली. वाळूचा नंबर लागायला 2021 उजाडलं. म्हणजे जी वस्तू माणसाची पोरं दोन पायांवर उभी राहिल्यापासून खेळत आली असतील, तिचा सत्कार विमानं, संगणक आणि बाहुल्या होऊन गेल्यावर झाला. आपल्याकडे काठीला मान फार पूर्वीपासून होता, पण तो मास्तरांच्या टेबलावर. आणि तिथून तिचं आमच्या तळहाताकडे होणारं प्रस्थान कोणी खेळात धरत नसे.

काठीची थोरवी अशी, की ती काहीच नसते. त्यामुळे ती काहीही होऊ शकते. दुकानातली प्लास्टिकची बंदूक जन्मभर बंदूकच राहते. काठी मात्र सकाळी तलवार असते, दुपारी घोडा, संध्याकाळी एसटीचा गिअर आणि कंटाळा आला की पुन्हा काठी. ही गोष्ट विद्वानांनीही मांडून ठेवली आहे. सायमन निकल्सन नावाच्या माणसाने 1971 साली असं लिहिलं, की खेळायच्या जागेत जितक्या सुट्या, हलवता येतील अशा वस्तू जास्त, तितकी कल्पनाशक्ती जास्त चालते. त्याच्या आधी, 1943 साली, कोपनहेगनजवळ सोरेनसन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून एक भंगाराचं मैदान उभं राहिलं होतं. देशावर जर्मनांचा कब्जा, आणि मुलांना खेळायला फळ्या, विटा, मोडकी चाकं. सोरेनसनने पाहिलं होतं, की पोरं छान आखीव बागेतल्या घसरगुंडीला कंटाळतात आणि शेजारच्या अर्धवट बांधकामात रमतात.

हे आपल्याला डेन्मार्कहून शिकायची गरज नव्हती. आपल्याकडे गल्लीत कोणाचंही बांधकाम निघालं आणि वाळूचा ट्रक रिकामा झाला, की आळीतली सगळी पोरं त्या ढिगावर असायची. घरमालक गच्चीवरून ओरडायचा, ‘वाळू पसरवू नका रे!’ आणि पोरं त्याच्या पैशाच्या वाळूत पाय पुरून वर थापट्या मारायची, मग पाय अलगद काढून त्या खोप्याचं दार बघायची. पुढे यथावकाश तीच पोरं घरमालक झाली. परवाच एकांना बघितलं. ठेकेदाराशी हुज्जत चालली होती. वाळूत माती किती, दगड किती, भाव काय. तोंड वाजत होतं, आणि त्याच वेळी उजवा पाय चप्पल काढून वाळूत गेला होता. दर ठरेपर्यंत खोपा तयार. जाताना त्यांनी तो मोडला नाही, वळसा घालून गेले.

कारणांमध्ये सगळ्यात भक्कम कारण म्हणजे पोटचं पोर. मूल सोबत असलं, की बापाला काहीही करायची मुभा असते. गुहागरच्या किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन बघा. बाप मुलाला वाळूचा किल्ला करायला शिकवत असतो. पाच मिनिटांनी मुलाला बर्फाचा गोळा दिसतो आणि ते निघून जातं. बाप तिथेच. गोळा संपवून, घोड्यावर एक फेरी मारून मूल परत येतं, तेव्हा बापाने खंदक खणलेला असतो, भरतीचं पाणी आत घ्यायला चर काढलेला असतो आणि मूल बुरुजावर पाय ठेवतं तेव्हा तो इतका ओरडतो, की शेजारची चार कुटुंबं वळून बघतात. ‘अगं, तुझ्यासाठीच करतोय ना!’ हे वाक्य ज्या मुलीला उद्देशून असतं, ती तोवर तिसऱ्या गोळ्याची मागणी घेऊन आईकडे गेलेली असते.

दिवाळीतल्या किल्ल्याचं तर विचारूच नका. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांतून उभा राहणारा हा किल्ला मूळचा पोरांचा. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरायची, चार दिवसांनी हिरवळ उगवली की माथ्यावर महाराजांना बसवायचं. पोरांच्या किल्ल्यावर न्याय वेगळा असतो. महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, गुहेत वाघ, तळ्यात बदक, पायथ्याला वाहतूक पोलीस आणि तटावर मावळ्यांच्या रांगेत एक फलंदाज. कोणाची काही हरकत नसते. मग सोसायटीतले काका खाली उतरतात. हातात छापील नकाशा. ‘हा राजगड आहे ना? मग माच्या कुठे आहेत? पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही आल्या पाहिजेत.’ पोरांना हेलिकॉप्टर उतरवायची जागा हवी असते. काका म्हणतात, ‘शिवकाळात हेलिकॉप्टर नव्हतं.’ पोरं म्हणतात, ‘वाहतूक पोलीस होता?’ चर्चा वाढत जाते आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी असं दिसतं, की पोरं फटाक्यांकडे पांगली आहेत, आणि चार बाप, एक निवृत्त आजोबा आणि दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर असे सहा जण उकिडवे बसून संजीवनी माचीला चिखल लावत आहेत. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यातले 11 महाराष्ट्रातले आणि 1 तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून तर या मंडळींच्या हातात आंतरराष्ट्रीय कारण आलं आहे. आमच्या शेजारच्या इमारतीत ‘यंदा जिंजीच’ असा ठराव झाला. पोरांना विचारलं नव्हतं.

पोर सोबत नसेल, तर मोठ्या माणसाला दुसरी सोय ‘पॉइंट’ची. आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणी निसर्ग मोकळा सोडलेला नसतो, त्याचे पॉइंट केलेले असतात. पॉइंटवर काय करायचं हे पाटीवर लिहिलेलं असतं आणि पाटीवर लिहिलेलं करायला कोणाला लाज वाटत नाही. माथेरानचा इको पॉइंट घ्या. गावात पर्यटकांची मोटार येऊ देत नाहीत, इतकी शांतता जपलेली. आणि त्या शांततेच्या टोकाला एक जागा खास बोंबलण्यासाठी राखून ठेवलेली. तिथे आयकर खात्यातला माणूस दरीच्या तोंडाशी उभा राहतो, शर्ट नीट खोचतो, इकडेतिकडे बघतो आणि आधी स्वतःचंच नाव पुकारतो. दरी ते परत करते. मग बायकोचं. तेही परत येतं. मग धीर चेपतो आणि पोटाच्या तळातून ‘जय भवानी!’ अशी आरोळी उठते. या आरोळीला दरी उत्तर देण्याआधीच कठड्याच्या पलीकडून, कोणा अनोळखी कुटुंबाकडून ‘जय शिवाजी!’ येतं. त्यानंतर त्या दोन कुटुंबांची ओळख होते, गाव विचारलं जातं आणि एकमेकांच्या डब्यातल्या चकल्यांची देवाणघेवाण होते. मोठी माणसं खेळली की हे असं होतं. पण पाटी हवी.

पाटी नसताना, पोर सोबत नसताना, डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना मोठी माणसं खेळली, असा एकच प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो जरा सविस्तर सांगतो.

मे महिन्यातलं लग्न. मुहूर्त भर दुपारचा, 12 वाजून 37 मिनिटांचा. गावाबाहेरचं मंगल कार्यालय. वीज गेलेली आणि जनरेटरवाला जेवायला गेलेला. सगळी मंडळी खुर्च्या उचलून अंगणातल्या गुलमोहराखाली आली होती. वरपक्ष एका बाजूला, वधूपक्ष दुसऱ्या. मधे दोन हात जागा आणि त्या जागेत एक अबोला. झालं असं होतं, की फेटे बांधताना नवऱ्या मुलाचे मामा राहून गेले होते. मामा एका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, माणूस वजनदार. ते काही बोलत नव्हते. मामा बोलत नाहीत म्हणून मामी बोलत नव्हत्या, आणि मामी बोलत नाहीत म्हणून वरमाईच्या तोंडाकडे बघायची कोणाची छाती नव्हती.

वधूचे थोरले काका तहसील कचेरीत आयुष्य काढलेले. ते मामांच्या समोरच्या खुर्चीवर बसले होते. बोलायला काही नाही म्हणून त्यांनी पायाशी पडलेलं गुलमोहराचं फूल उचललं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. पण त्याचं फूल हातात आल्यावर काय करायचं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही. पाच पाकळ्या. चार तांबड्या आणि पाचवी पांढरट, तिच्यावर तांबडे-पिवळे शिंतोडे. ही पाचवी आम्ही आंबटसर लागते म्हणून खायचो. पाकळ्या काढल्या, की आत दहा लांब दांडे, प्रत्येकाच्या टोकाला एक छोटं डोकं. हे कोंबडे. दोघांनी एकेक कोंबडा घ्यायचा, मानेत मान अडकवायची आणि झटका द्यायचा. ज्याचं डोकं उडालं तो हरला. काकांनी एक दांडा काढला, उन्हाला धरून बघितला आणि कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, ‘आमच्याकडे याला कोंबडे म्हणायचे.’

दोन हातांची ती जागा थोडी थरथरली. मामा इतका वेळ रस्त्याकडे बघत होते. तसंच रस्त्याकडे बघत म्हणाले, ‘आमच्याकडेही. पण उमललेल्या फुलातला घेत नसतात. त्याची मान ढिली असते. कळीतला घ्यावा लागतो.’

‘कळी नाही ना खाली पडलेली.’

मामांनी बसल्या जागेवरून हात वर केला आणि वाकलेल्या फांदीवरची टपोरी कळी तोडली. ती नखाने उकलली. आतला चुरगळलेला लाल बाजूला केला आणि दहापैकी नेमका एक कोंबडा निवडला. ज्या चिकित्सेने त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी तो निवडला असेल, त्याच चिकित्सेने.

‘या, एक डाव होऊन जाऊ दे,’ काका म्हणाले.

‘अहो, आता कुठे या वयात.’ असं म्हणेपर्यंत मामांची खुर्ची पुढे सरकली होती.

पहिला डाव मामांनी मारला. दुसराही. तिसऱ्याला काकांनी कळीतला कोंबडा मागून घेतला आणि बरोबरी साधली. मग खुर्च्यांचा घोळका जवळ आला. मुलीचे वडील आले. मुलाचे दाजी आले. ‘मामा, नख लावलंत!’ अशी तक्रार वधूपक्षाने केली. ‘मी? नख?’ असं म्हणून मामांनी दोन्ही हात वर करून दाखवले. निवाडा करायला गुरुजींना बोलावलं, तर गुरुजी खांद्यावर अंतरपाट टाकून आले आणि ‘असा लढत नाहीत, मान तिरपी धरायची असते’ म्हणून स्वतःच एक डाव खेळले. पलीकडे मामींनी कळीच्या बाहेरच्या हिरव्या साली सोलून, चिरून बोटांच्या टोकाला चिकटवल्या होत्या आणि दहाही लांब नखं वरमाईच्या तोंडापुढे नाचवून त्या तिला चेटकीण दाखवत होत्या. वरमाई पदर तोंडाला लावून हसत होती. चारदोन पोरं धावत आली, ‘आजोबा, आम्हाला पण द्या ना!’ तर काका खेकसले, ‘थांबा रे जरा. मोठी माणसं खेळतायत, दिसत नाही?’

शेवटी वधूची आई दारात आली. ‘अहो, मुहूर्त टळेल! काय चाललंय तुमचं?’

एका क्षणात सगळे कोंबडे खाली पडले. काका उठले, सदऱ्यावरचे परागाचे डाग झटकले आणि गंभीर आवाजात म्हणाले, ‘काही नाही. व्याह्यांशी जरा बोलत होतो.’

फेट्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. पंगतीत मामांनी काकांना आग्रह करून जिलबी वाढली.

आता हेच काम पैसे भरून करायची सोय झाली आहे. डोंगराच्या पायथ्याशी रिसॉर्ट असतं. कंपनी आपल्या माणसांना शुक्रवारी बसमध्ये घालून तिथे नेते. गळ्यात शिट्टी अडकवलेला एक उत्साही तरुण सगळ्यांना गोलात उभं करतो आणि आपलं आपलं झाड निवडून त्याला मिठी मारायला सांगतो. झाडं कमी आणि माणसं जास्त असल्यामुळे इथेही पदाप्रमाणे वाटप होतं. आंबा साहेबांकडे, निलगिरी प्रशिक्षणार्थींकडे. मग तो म्हणतो, ‘आता तुम्ही एक बी आहात. हळूहळू उगवा.’ हिशेब खात्याचे प्रमुख उकिडवे बसलेले असतात. ते उगवतात, पण अर्ध्यावर कमरेत उसण भरते आणि ते रोप तसंच राहतं. शेवटी प्रत्येकाच्या हातात एक कागद. ‘आजच्या सत्रात तुम्हाला किती आनंद झाला? 1 ते 5 मध्ये उत्तर द्या.’ आनंदाचे गुण नोंदवून बस रात्री परत येते, आणि सोमवारी सगळे एकमेकांना इमेल पाठवून भांडायला मोकळे.

जपानी वनखात्याने 1982 साली लोकांना शिनरिन-योकूचं आवाहन केलं, म्हणजे रानात जा आणि रान अंगावर घ्या. कल्पना साधी होती. ती आपल्याकडे येईपर्यंत तिला नोंदणी शुल्क, टोपी आणि प्रमाणपत्र लागलं. आमची आजी चुलीला लाकडं आणायला रोज रानात जायची. तिला कोणी प्रमाणपत्र दिलं असतं, तर तिने त्याने चूल पेटवली असती.

खेळातून शिकण्याची गोष्ट आपल्याकडे फार आधी आणि फार स्वस्तात करून दाखवली गेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम केलं. साहित्य काय, तर खडे, बिया, पानं, शिंपले. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. जन्मभर फायली राखणाऱ्यांसाठी अशी शाळा अजून कोणी काढलेली नाही. खरी गरज त्यांना आहे.

की काढली होती? आपल्या पूर्वजांना माणसाचा स्वभाव नीट माहीत होता. मोठी माणसं कारणाशिवाय खेळणार नाहीत, हे ओळखून त्यांनी असं कारण दिलं की कोणाची बोलायची टाप नाही. देव. नागपंचमीला झाडाला दोर बांधून झोका घ्यायचा, तो घरातल्या सासुरवाशिणींनी. मंगळागौर जागवायची म्हणून रात्रभर झिम्मा, पिंगा, लाट्याबाई लाट्या, आणि सूप नाचवायचं ते वेगळंच. आश्विनात पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा. पुरुषांना शिमगा आणि दहीहंडी. आणि सगळ्यांत मोठी सोय म्हणजे वारी. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाला होतं. रिंगणात अश्व धावून गेले, की त्या मोकळ्या माळावर काय सुरू होतं ते एकदा बघून या. सत्तरीच्या आजी कासोटा खोचून फुगडी घालतात. गावात ज्यांना सगळे ‘आबासाहेब’ म्हणून दबून असतात, ते हुतूतूत मातीत आडवे होतात. कोणी मनोरे रचतं, कोणी पखवाजाच्या ठेक्यावर उड्या मारतं. तिथे गुडघ्यांची चौकशी होत नाही. आनंदाला 1 ते 5 गुण देणारा कागद कोणी पुढे करत नाही. आणि फुगडी घालून बसलेल्या आजीला ‘दमलात का?’ विचारलं तर ती ‘माउली’ म्हणून पुढच्या फुगडीला तुमचाच हात धरते.

पण वारी वर्षातून एकदा. मंगळागौर आता हॉलमध्ये होते आणि तिथे खेळ करून दाखवायला संघ बोलावतात. घरच्या बायका खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात. म्हणजे देवाने दिलेलं कारणसुद्धा आपण कंत्राटावर देऊन टाकलं.

तेव्हा ज्यांना विनाकारण खेळायचं आहे, त्यांच्यासाठी चार अनुभवाचे बोल. पहिलं, रुमाल टाकून बसू नका. ज्याने जमिनीवर रुमाल अंथरला, तो पाहुणा. खेळणारा माणूस थेट बूड टेकतो. दुसरं, झाडाचं लॅटिन नाव जाणणारा मित्र बरोबर असेल, तर त्याला घाट चढायला पुढे पाठवा. रुईच्या बोंडातून म्हातारी उडत चालली असताना तिची कुळकथा ऐकली, की म्हातारी निघून जाते आणि हातात कूळ तेवढं राहतं. तिसरं, फोटो काढू नका. फोटो काढला की तो गटावर टाकावा लागतो, आणि गटावर टाकला की खाली ‘तब्येत बरी आहे ना?’ असा प्रश्न येतो. चौथं, मोगली एरंडाचं पान तोडून त्याच्या चिकाचे फुगे जरूर उडवा, गवताची काडी वाकवून तिचं कडं करा आणि चीक त्यात धरून फुंका. सात रंग दिसतात. मात्र चीक कपड्यांना लावू नका, डाग जात नाही. डोळ्यांना तर मुळीच नको. आणि त्याच्या बिया चुकूनही तोंडात घालू नका, त्या विषारी असतात. कोवळं सागाचं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक होतो. हे माहीत असलेला माणूस कोकणात कुठल्याही मुलाला पाच मिनिटं घाबरवू शकतो; हे कौशल्य सेवानिवृत्तीनंतरही टिकतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं: स्पर्धा ठेवू नका. आपल्याकडे कुठल्याही चांगल्या गोष्टीला स्पर्धा लागली, की परीक्षक येतात, परीक्षकांच्या मागे नारळ येतो, नारळामागे नगरसेवक येतो आणि नगरसेवक भाषण संपवेपर्यंत किल्ल्यावरचं अळीव वाळून जातं.

शांतपणे विचार केला, तर लहानपणी खेळायला आपल्याकडे सगळं होतं. जागा होती, काठ्या होत्या, सवंगडी होते. फक्त वेळ संपवणारं एक माणूस होतं. संध्याकाळी दारात उभं राहून ते ओरडायचं, ‘अंधार पडला, घरात या, हातपाय धुवा!’ आता तसं ओरडणारं कोणी उरलेलं नाही. मोठं होण्याचा हा एवढा एकच निखळ फायदा आहे, आणि आपण तो घेत नाही. घ्या.